सारूबाईचा बांध

नवापूर तालुक्यात बदली होऊन आल्यावर पहिल्याच लसीकरणाला मी एका बाईची बकरी गाभण ठरवली. तो बोकड होता.

तोही खच्ची केलेला. जनावरांच्या डॉक्टरला एवढंही कळू नये का, असं कोणाला विचारायचं असेल तर त्याने रांगेत उभं राहावं. माझ्या बायकोपासून जिल्ह्याच्या साहेबांपर्यंत सगळ्यांचं विचारून झालं आहे. माझी बाजू एवढीच, की पाड्यावर बकऱ्यांची दाटी झाली होती, मला त्या गर्दीत फक्त एक पोट दिसलं, आणि माझं लक्ष चुलीवरच्या चहाकडे होतं. मी आवाजात वजन आणून म्हणालो, "हिला आज लस नको. महिन्याभरात व्याईल."

दोरी धरून एक काटकुळी म्हातारी उभी होती. ती हसली नाही. माझ्या दवाखान्यातला परिचर दिलवर तिथलाच, इथल्या आदिवासींची कोकणी बोलणारा. त्याच्याकडे वळून ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि सगळा पाडा हसत सुटला.

"काय म्हणाली रे?"

"काही नाही साहेब."

"सांग म्हणतो ना."

दिलवरने सुई खाली ठेवली. "म्हणाली, साहेब गाभण आहे."

मी नकळत पोट आत घेतलं. पण तो टोमणा माझ्यावर नव्हता, निदान पूर्ण माझ्यावर नव्हता. त्या बोकडाचंच नाव साहेब होतं.

ही सारूबाई. बाप्तिस्म्याचं नाव सारा. पण त्या नावाने तिला पाद्रीबाबा सोडून कोणी हाक मारत नसे, आणि पाद्रीबाबांनी मारली तर ती ओ देत नसे. उकाई धरणाचं फुगवट्याचं पाणी जिथवर येऊन थांबतं, त्या काठावर तिचा पाडा. चिंचपाड्याच्या बाजूने टेकड्या उतरत गेलं की रस्ता एकदम पाण्यात शिरतो आणि तिथेच संपतो. तो पुढे कुठे जात होता हे विचारायचं मला बरेच दिवस सुचलं नाही.

लुगड्यावर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट, गळ्यात काळ्या दोऱ्यात इवलासा क्रूस, हातात कधी काठी तर कधी विळा. मराठी तिला चांगली येई, पण ती तिने सरकारी माणसांसाठी राखून ठेवली होती. घरात कोकणी, आणि बकऱ्यांशी आणखी तिसरंच काहीतरी. मराठीत तिच्याकडे 'तुम्ही' हा शब्दच नव्हता. मी तू, तहसीलदार तू, देवही तू. देवाला सगळेच तू म्हणतात, पण सारूबाई ज्या सुरात म्हणायची त्यावरून देवानेच तिची काहीतरी कबूल केलेली गोष्ट अजून आणून दिलेली नाही, असं वाटायचं.

बकऱ्यांची नावं ठेवण्याची तिची एक रीत होती. जन्मभरात सरकारकडून जे जे पाड्यावर आलं, त्याची तिने बकरी केली. एक 'पंचनामा' होती. ती सगळं खाऊन संपलं की मग धावत यायची. 'नोटीस' सरळ येऊन दारात उभी राहायची आणि काही केल्या परत जायची नाही. 'हुकूम' नावाचं पाट होतं, अजून न व्यालेली तरणी बकरी, ते विनाकारण डोकं मारायचं. 'मोजणी' नावाची काळी बकरी कुठेही सोडा, काठाकाठाने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची.

"आणि साहेब?" मी एकदा विचारलं.

"पोट मोठं. काम काही नाही."

दिलवर बाटलीचं बूच शोधायला खाली वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

रविवारी ती चर्चच्या दारातच बसायची, एक डोळा वेदीकडे, एक बाहेर. प्रार्थना लांबली की उठून जायची आणि बकऱ्या बघून परत यायची. पाद्रीबाबा एकदा म्हणाले, सारा, देवाच्या घरात असं येऊ-जाऊ नये. ती म्हणाली, "हरवलेल्या मेंढरामागं गेला तो चांगला. तू दर नाताळाला सांगतोस. मी गेले तर मी वाईट?" हे मला पाद्रीबाबांनीच सांगितलं, आणि सांगताना ते हसत होते, पण मला वाटतं, त्यांनी त्यानंतर प्रार्थना थोडी आखडती घेतली असावी.

मुलगा आणि सून दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला जात ते पावसाच्या तोंडावर येत. तेवढे महिने घरात ती आणि बकऱ्या. एरवी कोणी म्हातारी अशी एकटी राहिली असती तर आपण हळहळलो असतो. सारूबाईपुढे हळहळायची सोय नव्हती. मी एकदा प्रयत्न केला. "मावशी, एकटं वाटत असेल." तिने बकऱ्यांकडे हात केला आणि म्हणाली, "तुला हे कोण दिसतात?"

मी मूळचा रनाळ्याचा. आमच्याकडे काळी जमीन, विहीर, भाऊबंद, सगळं भरपूर. तिने एकदा मला विचारलं, "तुझं शेत बारा महिने असतं?"

मला वाटलं, ही बागायतीचं विचारते. मी तिला आमच्या बोअरवेलची खोली, कांदा, मिरची, ठिबक, असं सगळं ऐकवलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे असतं."

त्या प्रश्नाचा अर्थ मला पुढच्या जानेवारीत कळला. पाणी उतरायला लागलं होतं. काठावर चिखलाचा रुंद करडा पट्टा उघडा पडला होता आणि त्या पट्ट्यात, पाण्याला अगदी लागून, सारूबाई एकटीच फावड्याने चिखल ओढून एका रेषेत रचत होती. मी गाडी थांबवली.

"ही काय करते रे?"

"बांध घालते साहेब," दिलवर म्हणाला.

"कोणाच्या शेताला?"

"बापाच्या."

"आणि शेत कुठंय?"

"हे काय, समोर."

समोर नुसता चिखल. मी हसलो. दिलवर माझ्या प्रत्येक विनोदावर हसतो, नोकरीच आहे त्याची. त्या दिवशी तो हसला नाही.

तिच्या बापाचं शेत धरणात गेलं तेव्हा ती बकऱ्यांमागे पळण्याइतकी मोठी होती. तिच्या आयुष्यातल्या सगळ्या गोष्टी 'पाणी येण्याआधी' किंवा 'पाणी आल्यावर' घडलेल्या होत्या. "घराचे खांब उचलले," ती सांगायची, "खाट उचलली, जातं उचललं, कोंबड्या पाटीत घातल्या. शेत कसं उचलणार?" वरच्या अंगाला बापाला दुसरी जमीन मिळाली, मुरमाड. ती त्याने कसली, पण तिला तो शेत म्हणायचा नाही, 'ती जागा' म्हणायचा. दर वर्षी उन्हाळ्याकडे पाणी हटलं आणि जुनं शेत वर आलं की तो खाली उतरून बांध घालायचा. त्याच्यामागे सारूबाई घालू लागली. पावसाळ्यात पाणी चढायचं, बांध बुडायचा, विरघळायचा. पुढच्या वर्षी परत.

काठावरचे बाकीचे लोकही उघड्या गाळात हरभरा, कलिंगड असलं काही पेरत. पण त्यांना जिथे जागा मिळेल तिथे ते पेरत. सारूबाई पेरत नसे. ती फक्त बांध घालायची आणि आत बकऱ्या सोडायची. बापाच्या शेतात माझ्या बकऱ्या चरतात, एवढंच तिला हवं होतं. कागदावर तिथे नुसतं पाणी होतं. पाण्यात बकऱ्या चारायला कोणाची हरकत असणार?

त्याच वर्षी तिच्या बकऱ्या आजारी पडल्या.

आधी करडं. पाण्यासारखी हगवण, आणि वास असा की दिलवरसारखा माणूस नाकाला रुमाल लावायचा. मग मोठ्या बकऱ्यांच्या हनुवटीखाली सूज आली, पाण्याची पिशवी बांधल्यासारखी. त्या पाण्यात तोंड घालून उभ्या राहायच्या, पीत राहायच्या, आणि खायच्या काहीच नाहीत. मी नेहमीचं जंताचं औषध पाजलं. काही फरक पडला नाही. नमुना नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, एकही अंडं नाही. तेव्हा जंत नाहीत, असं मी जाहीर केलं आणि हिरव्या चाऱ्याचं अपचन ठरवून पाचक चूर्ण दिलं. ज्या आत्मविश्वासाने मी बोकड गाभण ठरवला होता, तोच हा आत्मविश्वास.

नोटीस मेली.

मी शवविच्छेदन करायचं म्हणालो. वाटलं, बाई नाही म्हणेल. ती बकरीच्या डोक्याशी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "फाड. पण तोंड माझ्याकडं राहू दे."

कोठीपोट उघडलं. जनावराचं ते पहिलं मोठं पोट, ज्यात चारा साठतो. आतल्या मखमलीसारख्या अस्तराला गुलाबी-लाल दाणे चिकटले होते, डाळिंब फोडून उलटं ठेवावं तसे. मी जवळजवळ ओरडलोच, "हे बघ! हेच ते! चपटे कृमी!"

सारूबाईने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "हे तर सगळ्या बकऱ्यांना असतात. वजडी धुताना गरम पाण्यात गळून पडतात. हे नसले तर रवंथ कशानं करील? जात्याला टाकीचे खाचे नसले तर दळेल का?"

मी तिला लगेच व्याख्यान दिलं. हे दाणे नव्हेत, जिवंत किडे आहेत. रवंथाशी यांचा काडीचा संबंध नाही. ही अंधश्रद्धा आहे. त्या अंधश्रद्धा शब्दावर दिलवरने मान खाली घातली. व्याख्यान संपवून मी पुढे आतडं उघडलं, आणि तिथे खरं दुखणं सापडलं. आतड्याची सुरुवात सुजून लाल झालेली, आणि तिच्यात रुतून बसलेली तांदळाच्या कणीपेक्षा बारीक पिल्लं. त्यांना अंडी घालायला अजून वेळ होता, म्हणून मला काचेखाली काही दिसलं नव्हतं. ही पिल्लं आतडं कुरतडतात, आणि मोठी झाली की वर चढून कोठीपोटात जाऊन गुमान बसतात. मोठ्यांचा फारसा त्रास नसतो.

सारूबाईने वाकून आतडं बघितलं. "म्हणजे पोरं मारतात, आणि म्हातारे नुसते बसून राहतात."

"हो."

"आमच्या पाड्यात पोरं उसाला जातात. म्हातारे बसूनच असतात." मग तिने नोटीसचे डोळे मिटायला हात फिरवला. बकरीचे डोळे मिटत नाहीत, हे तिला माहीत असणार. तरी तिने दोनदा प्रयत्न केला.

मी चपट्या कृमींवरचं वेगळं औषध आणलं, सगळ्यांना पाजलं. काही सावरल्या. पण मला कोडं पडलं होतं. हे कृमी पाण्यातल्या छोट्या गोगलगायींमधून येतात. लेंडीतली अंडी पाण्यात पडतात, फुटतात, गोगलगायीत शिरतात, तिथे वाढून बाहेर पडतात आणि काठच्या गवताला चिकटून बसतात. बकरीने गवत खाल्लं की आत. हे ठीक. पण सगळ्या पाड्याच्या बकऱ्या त्याच काठावर चरत होत्या. मग फक्त सारूबाईच्याच का मरतात?

माझा शास्त्रीय तपास सुरू झाला. काठावरच्या गोगलगायी, ज्यांना तिथे शंखल्या म्हणतात, गोळा करून मी जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात ठेवल्या आणि अर्थातच विसरलो. घरी बायकोने डबा उघडला. ती रागावली की अहिराणीवर येते.

"हाई काय लई उनात?"

"नमुना आहे तो."

"मंग तुमना नमुना तुम्हीच खा," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून मी जेवण कागदात बांधून नेऊ लागलो, कारण तो डबा तिने भंगारवाल्याला दिला. तपासातून निष्पन्न झालं ते इतकंच. डब्यात शंखल्या फारशा नव्हत्याच. काठावर त्या फारशा मिळालेल्याच नव्हत्या.

मग मी तिचं शेत बघायला गेलो. ती बांधावरून ओरडली, "तिकडून नको. बांधावरून ये."

"मावशी, मी शेतकऱ्याचा मुलगा आहे," मी म्हणालो. "चिखल मला कळतो."

तिसऱ्या पावलाला मी मांडीपर्यंत आत. बूट पायात होता की नाही हेही कळेना. सारूबाईने पंचनामाच्या गळ्यातली दोरी सोडून माझ्याकडे फेकली. एका बाजूने ती, एका बाजूने दिलवर, मधे मी. आणि बांधावर ओळीने उभ्या राहून बकऱ्या बघत होत्या. हुकूमने तेवढ्यात दिलवरला मागून डोकं मारलं, म्हणून मी एकदा निम्मा बाहेर येऊन परत आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा माझ्या पँटीवर शंखल्याच शंखल्या होत्या. छोट्या, चपट्या, जिलबीसारख्या वेटोळ्या.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. धरणाचं पाणी हटतं तसा सगळा काठ उताराने निथळतो आणि वाळतो. पण या एका तुकड्यात पाणी निथळत नव्हतं, कारण सारूबाईचा बांध ते अडवत होता. घोट्याएवढं, कोमट, स्थिर पाणी. त्यात लुसलुशीत गवत. त्यात बकऱ्यांच्या लेंड्या. आणि शंखल्यांची वसाहत. कृमींनी रीतसर अर्ज करून मागितलं असतं तरी त्यांना एवढी चांगली सोय मिळाली नसती.

मला इतका आनंद झाला की मी चिखलाने निथळत तिथेच दोन्ही हात वर केले. "सापडलं! मावशी, तुझ्या बकऱ्या तुझा बांधच मारतोय!"

"परत सांग."

मी परत सांगितलं. सविस्तर. शंखली बोटावर घेऊन दाखवली. दिलवर मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होता, पण खुणा कळण्याच्या बाबतीत माझा लौकिक तुम्हाला एव्हाना माहीत आहे.

"मग काय करू?" ती म्हणाली.

"तोडून टाक. पाणी जाऊ दे. ऊन लागलं की सगळं मरतं."

ती खाली बसली, बांधावरच. आणि मग तिने जे सांगितलं ते मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे दिलवरला ठाऊक होतं, पण मी विचारलं नव्हतं. बापाच्या वेळी कोपऱ्यावर मोहाचं खोड होतं, एक मोठा दगड होता. ते कधीच गाळाखाली गेले. आता खूण उरली होती ती एकच. पाणी उतरल्यावर गेल्या वर्षीच्या बांधाचा पुसट उंचवटा तेवढा दिसायचा, भाकरीच्या कडेसारखा. त्या उंचवट्यावर ती या वर्षीचा बांध घालायची. या वर्षीच्या बांधाने पुढच्या वर्षी शेत सापडायचं. असं बापापासून चालत आलं होतं. एक वर्ष चुकलं की गाळ सगळं सपाट करणार. मग शेत या काठावर कुठेही असू शकतं.

"थोडाच तोडू," मी म्हणालो. माझा आनंद उतरला होता. "पाणी जाण्यापुरता."

"मातीचा बांध आहे. एका बाजूनं फुटला की पावसात सगळा जातो."

"मग राहू दे बांध. बकऱ्या दुसरीकडे चार."

"उन्हाळ्यात हिरवं कुठं आहे दुसरीकडं? त्या पळून इथंच येणार. मला धावता येतं का त्यांच्यामागं?" आणि बांधावर हात ठेवून, "आणि बकऱ्या नाहीत तर मग हे कशाला? नुसता चिखल राखू?"

 मी म्हणालो, विचार कर. ती म्हणाली, "तू कर. तू शिकलेला आहेस." एरवी या वाक्यात टोमणा असता. त्या दिवशी नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

त्यानंतर मोजणी आजारी पडली. तिला औषध पाजलं, सलाईन लावलं, मी स्वतः जाऊन बसलो. ती काळी बकरी हनुवटीखालची सूज घेऊन उठायची आणि त्या अवस्थेतही बांधाकडे निघायची. एका दुपारी ती निघाली आणि बांधावरच आडवी झाली, ती उठली नाही.

मी दुसऱ्या फेरीचं औषध घेऊन गेलो तेव्हा सगळ्या बकऱ्या वर टेकडीवर पळसाला बांधलेल्या होत्या आणि ओरडत होत्या. खाली सारूबाई फावडं चालवत होती. खालच्या अंगाचा बांध तिने आधीच तोडला होता; पाणी गढूळ होऊन हळूहळू धरणाकडे निघालं होतं. पाण्यासाठी तेवढं पुरेसं होतं. पण ती थांबली नाही. दोन्ही बाजूंचा तोडला, वरच्या अंगाचा तोडायला घेतला, ज्याचा पाण्याशी काही संबंधच नव्हता.

"तो राहू दे की मावशी," मी म्हणालो. "त्याची गरज नाही."

"अर्धं कशाला ठेवायचं?"

दिलवर बाह्या वर करून पुढे झाला. ती वळून म्हणाली, "तू बाजूला हो. तुझ्या बापाचा नाही."

आम्ही दोघे उभे राहिलो. ऊन तापलं होतं. ती मधेच थांबायची, शर्टाच्या बाहीने तोंड पुसायची आणि परत सुरू करायची. सगळं संपल्यावर तिने फावडं पाण्यात धुतलं. मग त्या सपाट चिखलाकडे बघून म्हणाली, "झालं. आता सगळं सरकारी."

बकऱ्या वाचल्या. ती जागा आठ-पंधरा दिवसांत वाळून भेगाळली, शंखल्या मेल्या, हगवण थांबली. साहेबचं पोट पूर्ववत झालं. वरिष्ठांपुढे मी फोटो दाखवत या साऱ्या प्रकाराचं भाषण केलं आणि तिथे माझं कौतुकही झालं. आयुष्यात माझं एकदाच बरोबर आलं, ते हे.

पुढे माझी शहाद्याकडे बदली झाली. आता कळसाडीच्या बाजूला, उसाच्या आणि कापसाच्या मुलखात, मी म्हशी बघतो. इथे जमीन बारा महिने असते. गेल्या पावसाळ्यात दिलवरचा फोन आला, सारूबाई गेली म्हणून. मुलगा-सून घरी होते, ही एक बरी गोष्ट. पाणी चढलेलं होतं. तिला वर, चर्चच्या मागच्या टेकडीवर पुरलं. मुलाने विचारलं होतं म्हणे, मागे ती काही बोलली होती का, कुठे पुरायचं ते. कोणाला काही माहीत नव्हतं. माहीत असतं तरी पावसाळ्यात काय करणार होते?

बदलीच्या आधी मी तिला शेवटची भेटलो ती पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, बांध तोडल्याला वर्ष झालं होतं तेव्हा. पाणी हटलं होतं. काठ लांबवर उघडा पडला होता, करडा, गुळगुळीत, कुठे चढ नाही, उतार नाही. बकऱ्या वरच्या अंगाला कोरड्यात चरत होत्या, सगळ्या धडधाकट. सारूबाई खाली काठी टेकत हिंडत होती. थोडं चालायची, थांबायची, पायाच्या अंगठ्याने गाळ चाचपायची. मग परत फिरून आधीच्याच जागी यायची. वर्षभरात ती फारच वाकली होती.

मी या वेळी मुकाट्याने कडेकडेने गेलो.

"काय शोधतेस मावशी?"

 तिने दिलवरला कोकणीत काहीतरी विचारलं. त्याने एकीकडे हात केला, मग जरा अलीकडे केला, मग हात खाली घेतला.

तेवढ्यात मला एकदम सुचलं. "थांब, थांब! माझ्याकडे फोटो आहेत. गेल्या वर्षी इथे मी किती फोटो काढले होते. मागची टेकडी, एखादं झाड, काहीतरी दिसेलच ना त्यात. त्यावरून लगेच जागा काढू."

तिचा चेहरा असा उजळला की मला माझाच अभिमान वाटला. काठी काखेत धरून ती माझ्याजवळ आली, माझ्या हाताला धरून उभी राहिली. उन्हात नीट दिसेना म्हणून दिलवरने टोपीची सावली धरली. मी फोन काढला आणि फोटो सरकवायला लागलो.

एक शंखली माझ्या तळहातावर. एक शंखली गवताच्या पात्यावर. शंखली जवळून, आणखी जवळून. गवताची पाती, त्यावरचे ठिपके. पट्टीशेजारी शंखली, म्हणजे आकार कळावा म्हणून. शंखल्यांचा ढीग. माझी पँट, तिच्यावर शंखल्या. एकाही फोटोत मागे काही नव्हतं. नुसतं पाणी आणि चिखल, तोही अंधूक.

मी परत पहिल्यापासून सरकवले. ती शेवटपर्यंत बघत होती. मग तिने माझा हात सोडला.

"शंखली दिसली तुला, डॉक्टर," ती म्हणाली. "एवढं मोठं शेत नाही दिसलं."